पाठीला माती

कोंडाजी वस्तादानं गोरक्षला पहिल्यांदा उचलून आपटलं तेव्हा गोरक्ष सहावीत होता. बाप त्याला दारणा नदीच्या काठावरच्या तालमीत घेऊन आला, "पोरगं लय माजलंय, आता तुमच्या हवाली," एवढं बोलला आणि दारातच उभा राहिला. वस्तादानं पोराला कुस्तीच्या हौद्यात बोलावलं. एका हातानं मानगूट धरलं, दुसरा हात मांडीखाली घातला आणि ट्रॉलीतून कांद्याची गोणी फेकावी तसं फेकलं. तांबडी माती नाकात, तोंडात, कानात. खालचा ओठ दातात सापडून फुटला. रडत उठला, तसं पुन्हा आपटलं. पुन्हा उठला, पुन्हा आपटलं. बैल घेताना माणूस जसा खूर बघतो तसं वस्ताद दर वेळी वाकून त्याच्या मानेकडं, खांद्याकडं बघायचा. शेवटी त्यानंच आपल्या पंच्यानं पोराचं रक्त पुसलं.

"हां, चालंल," वस्ताद म्हणाला. "उद्या पहाटं ये."

त्या तालमीची रीतच होती ती. नव्या पोराला वस्ताद स्वतः आपटायचा. मग पोरगं संध्याकाळी त्याचे पाय चेपायचं आणि तो सांगेल तेवढे जोर मारायचं, सांगेल तो खुराक खायचं. असं का, ते कुणी विचारलं नाही, वस्तादानंही कधी सांगितलं नाही. गोरक्षनं आपल्या डोक्यानं त्याचा अर्थ लावून टाकला: जो आपल्या पाठीला माती लावतो, त्याचं ऐकायचं. बाकीचे नुसते बोलतात. पुढं जन्मभर हाच कायदा त्यानं सगळ्यांना लावला. बापाचं ऐकायचा, कारण बापाचा हात जड होता. शाळेतल्या मास्तरांचं कधी ऐकलं नाही, कारण ते छडीसुद्धा हळू मारायचे.

त्या मास्तरांचा मुलगा महेश त्याच्याच जोडीला तालमीत होता. अंगानं काटकुळा, पण चिवट. गोरक्ष त्याला रोज आपटायचा आणि महेश रोज उठायचा. एकदा गोरक्षनं त्याचा हात काखेत अडकवून मागं पिळला. महेशनं दुसऱ्या हातानं मातीवर थापा मारल्या; सोड, हरलो, असा त्याचा अर्थ. गोरक्षनं सोडलं नाही. आणखी जरा पिळलं तर काय होतं, हे त्याला बघायचं होतं. तुरीचं वाळलेलं काड मोडावं तसा आवाज आला. महेशचं कोपर उलट्या बाजूला वळलं आणि तालमीतली लहान पोरं किंचाळत बाहेर पळाली.

त्या दिवशी वस्तादानं गोरक्षला वेताची काठी फुटेपर्यंत मारला. गोरक्षनं हूं की चूं केलं नाही. वस्तादाचा तो हक्कच होता. महेशचं कोपर मात्र कायमचं वाकडं राहिलं. त्यानं कुस्ती सोडली, औषधांचं शिक्षण घेतलं आणि नाशिक रोडला स्टेशनच्या रस्त्यावर मेडिकल टाकलं. तालीम काही त्यानं सोडली नाही. वस्तादाला अर्धांगाचा झटका आल्यावर रोज संध्याकाळी दुकानावर दुसरा माणूस बसवून तो वस्तादाला गोळ्या द्यायला यायचा.

त्या झटक्याच्या बरीच आधीची गोष्ट. गोरक्ष विशीत आला होता, वस्ताद साठीपलीकडं गेला होता. पहाटेच्या सरावाच्या कुस्तीत वस्तादाची टाच घसरली आणि गोरक्षनं त्याला खाली घेतला. सरळ चीत. वस्तादाच्या पांढऱ्या केसांत माती. वस्ताद पडल्या पडल्याच खदखदून हसला. "जमलं रे तुला, लेका!" पण गोरक्षला हसू आलं नाही. ज्याला आपण पाडला त्याचं आता ऐकायचं कसं? वस्ताद म्हणायचा, गुडघा सांभाळ. गोरक्ष मान हलवायचा आणि सांभाळायचा नाही. वस्ताद म्हणायचा, आठवड्याला एक दिवस अंगाला आराम दे. गोरक्ष द्यायचा नाही. पुढं पुढं तो तालमीत फिरकेनासाच झाला.

काम मिळालं गंगापूर रोडच्या लग्नाच्या लॉन्सवर, बाउन्सरचं. काळा टी-शर्ट, कानात वायर, दाराशी हाताची घडी घालून उभं राहायचं. तिथं त्याला एक गोष्ट टोचली. कुस्तीचं अंग कपड्याखाली दिसत नाही. शेजारी जिमची पोरं उभी राहायची, त्यांचे दंड बाह्या फाडून बाहेर यायचे, आणि वऱ्हाडातल्या पोरी फोटो काढायच्या त्यांच्याबरोबर. गोरक्षकडं लोक चपला कुठं काढायच्या ते विचारायचे.

मग तोही जिमला गेला. आणि तिथं जो तो सल्ला द्यायला टपलेला. एक म्हणाला भात म्हणजे विष, दुसरा म्हणाला भाताशिवाय दंड भरत नाही. एक म्हणाला अंड्यातलं पिवळं फेक, दुसरा म्हणाला पिवळ्यातच सगळं हाय. मोबाइलवर एक उघडाबंब माणूस गाडीत बसून रोज नवी पावडर सांगायचा. गोरक्षचं डोकं भणभणलं. शेवटी त्यानं आपला जुना कायदा काढला. कुणी काही शिकवायला आला की गोरक्ष म्हणायचा, "सर, जरा मॅटवर या ना." असे दोन ट्रेनर बरगड्या धरून घरी गेले. मोबाइलवाल्याला मॅटवर बोलवायची काही सोय नव्हती, म्हणून त्याचं बघणंच बंद केलं.

राकेश मात्र स्वतःहून मॅटवर आला. जिमचा मुख्य ट्रेनर. मान म्हणून नव्हतीच, खांद्यांवर थेट डोकं. "ऐकलंय तू सगळ्यांना लोळवतो," राकेश हसून म्हणाला. "ये भावा, आज तुझी हौस फिटू दे."

गोरक्ष त्याचे पाय ओढायला, पटात शिरायला वाकला आणि राकेशचा गुडघा थेट त्याच्या तोंडावर आला. कुस्तीत हे चालत नाही, असं म्हणायला तोंड उघडलं तर तोंडात रक्त. राकेशनं त्याला कमरेला धरून डोक्यावर उचलला आणि असा हाणला की आरसे थरथरले. वर बसून कोपरानं बरगड्यांत मारलं, पुन्हा मारलं, गोरक्षचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागेपर्यंत मारलं. भोवतीची पोरं मोबाइल धरून उभी. आणि खाली पडलेल्या गोरक्षला काय वाटलं असेल? हायसं वाटलं. वस्ताद पडल्यापासून त्याला सांगणारं कुणी उरलं नव्हतं. आता होतं.

"सांगा भाई," तो रक्त थुंकून म्हणाला. "काय खायचं?"

राकेशनं त्याचा गाल थोपटला. "खाण्यानं काय होतंय, ब्रो. टोचावं लागतं."

सुया सुरू झाल्या. राकेश बाटल्या द्यायचा. त्यांवर कुठल्या देशाचं लिहिलंय ते गोरक्षला वाचता येत नव्हतं. अंग फुगलं. दंडावर शिरा उठल्या, पाठीवर पुटकुळ्या उठल्या आणि डोक्यात जाळ उठला. लॉन्सवर नवरदेवाचा एक चुलतभाऊ पिऊन स्टेजवर चढला, तर गोरक्षनं त्याला खाली ओढून, आईसक्रीमच्या स्टॉलवर तोंड आपटून, जबडा मोडला. पांढऱ्या आईसक्रीममध्ये लाल दात. मालकानं कसंबसं मिटवलं. राकेशला कळलं तर तो म्हणाला, "याला म्हणतात ॲग्रेशन. काम करतंय औषध!"

घरी बायकोनं, स्नेहलनं, न्हाणीघरातला दिवा चालू का, एवढंच विचारलं, तर त्यानं दार बिजागरीसकट उपटलं आणि भिंतीवर फेकलं. स्नेहल सिन्नरची, घाबरणारी नव्हे. उलथनं हातात तसंच धरून म्हणाली, "माझ्या अंगावर हात आला ना, तर हे तापलेलं तोंडात घालीन." हात आला नाही, पण मूठ तिच्या कानाशेजारी भिंतीत घुसली आणि गिलावा तिच्या केसांत सांडला. दुसऱ्या दिवशी तिनं पिशवी भरली. "तू आन् तुझी ती सुई, करा आता संसार," म्हणाली आणि एसटीत बसली.

गोरक्ष सुया घ्यायला महेशच्या दुकानात गेला, ते त्याच आठवड्यात.

"सुया दे."

"कशाला?"

"कान टोचायचेत. दे ना भो, टाइमपास नको करू."

महेशनं त्याच्याकडं निरखून बघितलं. डोळ्यांतला पांढरा भाग पिवळट, हात थरथरतायत. "गोऱ्या, हे कोण सांगतं तुला?"

"राकेशभाई."

"डॉक्टर हाय का तो?"

"त्यानं माझी पाठ जमिनीला लावलीय. तू लावली का कधी?"

"नाय लावली," महेश म्हणाला. "पण हे मी शिकलोय. तुझं मूत्रपिंड बसंल, नायतर काळीज बंद पडंल. एकदा रक्त-लघवी तपासू, चल. काल स्नेहलवहिनी एसटीला जाता जाता इथं येऊन रडून गेल्या..."

स्नेहलचं नाव निघालं आणि गोरक्षचा हात काउंटरवरून गेला. महेश मागच्या कपाटावर आदळला, खोकल्याच्या बाटल्या धडाधड खाली आल्या, काउंटरची काच फुटून गोरक्षच्याच मनगटात घुसली. दारातली म्हातारी "अगं बाई, मेला ना पोरगा!" म्हणून ओरडली. महेश कपाटाला धरून उभा राहिला. वरचा ओठ चिरला होता, आणि बोलताना तो रक्त गिळत होता.

"ऐक. ज्या दिवशी लघवी काळी होईल ना, त्या दिवशी कुणालाच विचारत बसू नको. सरळ दवाखाना."

"वाकड्या हाताचं बेणं मला शिकवतंय," गोरक्ष म्हणाला आणि सुया न घेताच गेला. सुया काय, दुसरीकडं मिळाल्या.

हरसूलच्या जत्रेत कुस्त्यांची दंगल होती आणि त्याच आठवड्यात, रविवारी, नाशकात शरीरसौष्ठवाची स्पर्धा. राकेश म्हणाला, "दोन्ही मार. फक्त पाणी तोड. अंग सुकलं की शिरा दोरीसारख्या दिसतात." गोरक्षनं पाणी तोडलं. हरसूलला पोचला तेव्हा जीभ टाळूला चिकटत होती. समोर जोड लागला वाळू नावाचा पेठकडचा गडी. काळा, सडसडीत, डोंगरात चढउतार करून पिंढऱ्या दगड झालेल्या. लोक गोरक्षचं अंग बघून शिट्ट्या मारत होते आणि वाळूची कीव करत होते.

हात मिळाला आणि गोरक्षनं वाळूच्या मानेवर अशी थाप हाणली की तो गुडघ्यावर बसला. दुसरी थाप कानावर. कानातून रक्ताची रेघ. वाळू निसटला, घुमला, पुन्हा निसटला. गोरक्षची छाती भात्यासारखी चालायला लागली. तोंडाला फेस. शेवटी वाळूची कंबर हाताला लागली. गोरक्षनं सगळी ताकद लावून त्याला उचलला, आणि दंडात काहीतरी फट्कन तुटलं. दंडावरचा गोळा पडदा वर गुंडाळावा तसा सरकत खांद्याजवळ जाऊन बसला. दुखण्याच्या आधी राग आला. त्यानं वाळूच्या नाकावर डोकं आपटलं. नाक मोडलं. पुन्हा आपटलं. मग त्याच्या कानाला दातांनी धरलं आणि सोडेचना. पंच धावले, काठ्या बसल्या, लोकांच्या चपला बसल्या, तेव्हा कुठं जबडा सुटला.

"यो मानूस नाही," वाळू नाक धरून म्हणाला. "पिसाळलाय यो."

जीपमागं जाऊन गोरक्ष लघवीला उभा राहिला. अंगाला पीळ देऊन थोडीशी आली. बिनदुधाच्या, उकळून उकळून आटवलेल्या चहासारखी. तो मातीतला काळा ओघळ बघत राहिला. महेशचे शब्द कानात वाजले. मग त्यानं डाव्या हातानं राकेशला फोन लावला.

"काळी होतेय भाई. आन् दंड तुटला."

"नॉर्मल आहे ब्रो, फॅट जळतंय. दंडाला पट्टी बांध. पाणी मात्र रविवारपर्यंत एक थेंब नको. आता पाणी प्यालास तर सगळी मेहनत गेली."

शेजारी जत्रेचा टँकर होता. एका बाईनं त्याची दशा बघून स्टीलचा ग्लास भरून पुढं केला. ग्लास बाहेरून घामेजला होता. गोरक्षनं तो हातात घेतला, ओठापर्यंत नेला. महेशनं पाठ लावली नव्हती. राकेशनं लावली होती. त्यानं ग्लास तसाच परत दिला.

दुसऱ्या दिवशी काळी लघवीही आली नाही. काहीच आलं नाही. पाय सुजले, कमरेत कुणी गज खुपसून ठेवल्यासारखं झालं. उजवा हात गळ्यात बांधून तो जिमला गेला. भांडायला नाही, विचारायला. राकेश आरशासमोर पोरांना काहीतरी शिकवत होता.

"भाई, लघवीच बंद झाली."

पोरं फिस्सकन हसली. राकेशनं त्याच्या दुखऱ्या दंडात बोट खुपसलं. "वीक निघालास यार तू. मातीतलं ढेकूळ. माझं नाव घालवलंस."

ते बोट दंडात होतं तोवरच गोरक्षचं कपाळ राकेशच्या तोंडावर बसलं. मग जे झालं ते मारामारी म्हणावं असंही नव्हतं. गोरक्षला एकच हात होता, डोळ्यांपुढं अंधाऱ्या येत होत्या. आणि तरी थोड्याच वेळात राकेश भिंतीला टेकला. दम संपला होता त्याचा. एवढा मोठा पहाड, पण आत वाराच नव्हता. ओठ निळे पडले. गोरक्षनं पायात पाय घालून त्याला खाली घेतला, तसा वजनांचा स्टँड कलंडला आणि लोखंडी चकत्या राकेशच्या नडगीवर आल्या. हाड मोडल्याचा आवाज गोरक्षच्या ओळखीचा होता. तो राकेशच्या छातीवर बसला.

"सांग. तुला कुणी शिकवलं हे?"

"सोड... छातीत दुखतंय..."

"कुणी?"

"इंदूरचा एक आहे," राकेश हुंदके देत म्हणाला. "तो व्हिडिओ पाठवतो. मी पण... त्याचंच करतो."

"त्यानं तुला पाडलं होतं का कधी?"

"नाय रे. भेटलोच नाही कधी."

गोरक्ष उठला. पोरं वाट सोडून बाजूला झाली. खाली रस्त्यावर येऊन तो रिक्षात बसला, तेव्हा कुठं जायचं ते त्याला ठरवता येईना. राकेश पडला. वस्ताद तर केव्हाच पडला होता. बाप वारला होता. त्याच्या कायद्यानं आता जगात कुणीच उरलं नव्हतं, आणि कमरेतला गज आत आत शिरत होता. रिक्षावाला दोनदा ओरडला तेव्हा त्याच्या तोंडून तालमीचं नाव निघालं.

उन्हं उतरली होती. हौद्याभोवती पोरं जोर मारत होती. वस्ताद बाजेवर उशीला टेकून बसलेला, अर्धं अंग लुळं, आणि महेश त्याच्या तोंडात गोळी ठेवत होता. महेशच्या ओठावरची खपली अजून पडली नव्हती.

गोरक्ष बाजेपुढं उभा राहिला. "वस्ताद, मला पाडा. पयल्यासारखं. तुम्ही सांगाल ते करतो."

वस्तादानं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "मला मुतायला दोन माणसं लागत्यात. तुला कुठून पाडू?"

"मग आता कुणाचं ऐकू?" गोरक्षचा आवाज फाटला. "तुम्हीच लावलीय ना ही रीत? जो पाठ लावंल त्याचं ऐकायचं!"

"कुणी सांगितलं असलं?"

"पयल्या दिवशी तुम्ही मला..."

"अरे येड्या भोकाच्या!" वस्ताद अर्ध्या तोंडानं ओरडला, तशी पोरं जोर मारायची थांबली. "तुला पडता येतंय का, ते बघत होतो मी! नवं पोरगं मानेवर पडलं तर मरतं. तू हनुवटी छातीला लावून पडत होतास, म्हणून घेतला. त्यात ऐकायचं कुठं आलं? ऐकायचं म्हणून मारतात ते ढोरांना."

गोरक्ष हौद्यात उतरला आणि सगळ्या पोरांसमोर, आयुष्यात पहिल्यांदा, कुणी न पाडता आपण होऊन मातीत आडवा झाला. हनुवटी छातीला लावायचीही शुद्ध राहिली नव्हती. डोकं मागं धप्पकन आपटलं.

"म्हशा," तो म्हणाला. "ये. बस छातीवर. म्हणजे झालं."

महेश हौद्याच्या काठावर आला. बूट काढून आत उतरला, वाकला, आणि चांगल्या हातानं गोरक्षच्या थोबाडात अशी ठेवून दिली की तालमीचे पत्रे वाजल्यासारखं वाटलं.

"ही काउंटरच्या काचेची," महेश म्हणाला. "कोपराची मी मारत नाय. ती माझ्याकडंच राहू दे. आन् छातीवर बसायला मला येळ नाय. शेवटची लघवी कधी झाली?"

"काल. काळी."

महेशचा चेहरा पांढरा पडला. "आन् पाणी?"

"राकेशनं..."

"राकेशच्या आईला... ए पोरांनो, उचला रे याला!"

चार पोरांनी मिळून त्याला महेशच्या स्कूटरवर मागं बसवला. त्यांच्यातल्या एकानं आपल्या लंगोटाच्या पट्टीनं त्याला महेशच्या कमरेला बांधला, वाटेत पडू नये म्हणून. वस्ताद बाजेवरून शिव्या घालत होता आणि चांगल्या हातानं डोळे पुसत होता. महेशनं वाकड्या हातानं स्कूटरची मूठ पिळली. तो हात पुरता वळत नसल्यामुळं स्कूटर नेहमीच हळू निघायची. आज मात्र त्यानं कोपर दुखेपर्यंत पिळली. त्याच्या तोंडून निघालेलं कण्हणं पाठीशी बांधलेल्या गोरक्षला ऐकू आलं.

"दवाखान्यात सुया टोचतील का?" गोरक्षनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकून विचारलं.

"टोचतील. मशीनवर रक्तपण धुवावं लागंल बहुतेक. उशीर झालाय लय."

"कोण टोचंल?"

"जी नर्स असंल ती," महेश म्हणाला. "आन् हे बघ गोऱ्या, तिला कुस्ती येती का, असं इचारू नको."

सिन्नर फाट्याच्या सिग्नलला त्यानं स्नेहलला फोन लावला आणि मोबाइल मागं गोरक्षच्या कानाला धरला. "हॅलो," ती म्हणाली, "कोण?" गोरक्षला बोलायला जमेना, सुकलेली जीभ टाळूवरून हलेना. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजायला लागले, तरी महेशनं फोन काढला नाही.

"ऐक ना," शेवटी गोरक्ष म्हणाला. "तू काय सांगायचीस मला, ते परत सांग."